जाळीची ऊब



मार्गशीर्ष अर्धा सरला की दवाखान्याच्या बाकांवर मफलरांची गर्दी होऊ लागते. कुणाचा मुलाने दिल्लीहून आणलेला, कुणाचा पत्नीने पंचवीस वर्षांपूर्वी विणलेला, तर कुणाच्या गळ्याभोवती नुसताच पंचा. तपासणीपूर्वी तो सोडवायचा आणि उठताना पुन्हा गुंडाळायचा, यात वृद्ध रुग्णांची आणि त्यांना घेऊन येणाऱ्यांची किती शक्ती खर्च होते ते मी रोज पाहते. म्हणून या पंधरवड्यात औषधाविषयी न लिहिता एका विणकामाविषयी लिहिण्याचे योजिले आहे. हे विणकाम म्हणजे जाळीच्या विणीचा, दोन्ही टोके एकमेकांस जोडून वर्तुळाकार केलेला गळपट्टा. परदेशात त्यास काउल म्हणतात. डोक्यावरून घालावा आणि गळ्याभोवती बसू द्यावा. गाठ नाही, गुंडाळणे नाही.

‘आपल्याकडे कसली आली आहे थंडी!’ असे म्हणणारी मंडळी पुष्कळ आहेत. निफाडच्या द्राक्षबागांत पहाटे शेकोट्या पेटतात, हे त्यांनी वर्तमानपत्रात वाचलेले असते. पण ती थंडी द्राक्षांची, आपली नव्हे, अशी त्यांची समजूत असावी. वस्तुतः आपली घरे उन्हाळ्यासाठी बांधलेली असतात. फरशी गार, खिडक्यांना नुसती जाळी आणि दाराखाली बोटभर फट. अमेरिकेत लेकीच्या बाळंतपणाला जाऊन आलेल्या आजी सांगतात की बाहेर बर्फ होते, पण घरात स्वेटर लागला नाही. त्याच आजी नाशिकला परतल्यावर जानेवारीत स्वयंपाकघरात कुडकुडतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली घरातील तापमानाविषयी जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांत थंडीच्या दिवसांत घर किमान १८ अंश सेल्सिअस असावे असे सुचविले आहे. आपल्याकडील कित्येक घरांत पहाटे चार वाजता भिंतीवरचा पारा याहून खाली असतो, आणि त्याच वेळी आजोबा लघवीसाठी उठलेले असतात.

तरुण शरीरास गारवा लागला की ते तीन गोष्टी करते. त्वचेतील रक्तवाहिन्या आकसून आतली उष्णता आत ठेवते, स्नायूंना कापरे भरवून नवी उष्णता निर्माण करते, आणि ‘थंडी वाजते आहे’ ही जाणीव मनापर्यंत पोहोचवून माणसास पांघरूण घ्यावयास लावते. वार्धक्यात हे तिन्ही व्यवहार मंदावतात. त्यातही शेवटचा मंदावणे सर्वांत घातक. ‘आमच्या बाबांना थंडी वाजतच नाही, अजून सदऱ्यावर असतात,’ असे मुलगा कौतुकाने सांगतो, तेव्हा मी आधी बाबांच्या पोटाला हात लावून पाहते. ज्येष्ठांना ‘थंडी वाजते का?’ असे विचारण्यापेक्षा कपड्यांच्या आतून पोटावर किंवा पाठीवर हात ठेवून पाहावे, ही सवय शुश्रूषा करणाऱ्यांनी लावून घ्यावी. हातपाय गार असणे नेहमीचे असते. पोट गार लागणे मात्र नेहमीचे नव्हे.

शरीराच्या आतील तापमान ३५ अंश सेल्सिअसच्या, म्हणजे ९५ अंश फॅरनहाइटच्या खाली गेले तर ती वैद्यकीय निकड समजावी. घरातला पाऱ्याचा तापमापक बहुधा ९४ पासूनच सुरू होतो, त्यामुळे त्यावर विसंबता येत नाही. माणूस असंबद्ध बोलू लागला, शब्द जड झाले, पेंगू लागला, आणि मुख्य म्हणजे आधी भरलेले कापरे अंग गरम न होताच थांबले, तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. तोवर ओले कपडे बदलावेत, ब्लँकेटांत गुंडाळावे आणि शुद्ध नीट असेल तरच कोमट गोड पेय घोट-घोट द्यावे. हातपाय चोळू नयेत. ब्रँडीचा चमचा तर मुळीच नको, कारण मद्याने त्वचेतील रक्तवाहिन्या उघडतात आणि उरलीसुरली उष्णताही निघून जाते.

एवढ्या टोकाला न जाताही थंडी पुष्कळ नुकसान करते. रक्तवाहिन्या आकसल्या की रक्तदाब चढतो, हृदयास अधिक जोर लावावा लागतो. ज्यांना चालताना छातीत भरून येते त्यांना तेच अंतर पौषातल्या पहाटे निम्म्यावरच थांबवते. दमेकऱ्यांच्या श्वासनलिका गार कोरड्या हवेने आवळतात. या मंडळींनी गळपट्टा नाकापर्यंत वर ओढून चालावे. बाहेर पडणाऱ्या श्वासाची ऊब आणि ओल विणीत थोडी थांबते व आत येणाऱ्या हवेस मिळते. खरे तर त्यांनी ऊन पडल्यावरच फिरायला जावे. पण फिरण्याच्या कट्ट्यावरची मंडळी सहा वाजता जमतात, आणि त्यापुढे डॉक्टरांचे कुणी ऐकत नाही, हे मला ठाऊक आहे.

मग ऊब आणावी कोठून? कोळशाची शेगडी बंद खोलीत ठेवणे प्राणघातक आहे. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. गरम पाण्याची पिशवी मधुमेहींच्या बधिर पावलांना भाजते आणि सकाळी फोड दिसेपर्यंत कळत नाही. विजेच्या हीटरपुढे लुगड्याचा पदर जातो. अंगावरचे कपडे मात्र स्वतः तापत नाहीत. आपल्याच शरीराची उष्णता ते जपून ठेवतात. शरीराभोवती तापलेली हवा हलकी होऊन वर चढते आणि सदऱ्याच्या किंवा पोलक्याच्या उघड्या गळ्यातून निसटते. ती वाट बंद केली की आहे त्याच स्वेटरची ऊब वाढल्यासारखी वाटते. शरीरातील बहुतेक उष्णता डोक्यातूनच जाते, हा समज अतिशयोक्त आहे. जो भाग उघडा, तेथून ती जाते, इतकेच. पण चेहरा आणि गळा हे भाग गारव्यास फार संवेदनाक्षम असतात, म्हणून गळा झाकताच जिवाला बरे वाटते.

येथे एक शंका येईल. जाळी म्हणजे भोके, आणि भोकांतून वारा शिरणार. हा प्रश्न मला विणकाम जाणणाऱ्या बायकाच अधिक विचारतात. लोकर ऊब निर्माण करीत नाही. तिच्या कुरळ्या तंतूंमध्ये अडकलेली स्थिर हवा ऊब धरून ठेवते. जाळीची वीण हलकी असते. गळ्याभोवती तिच्या चुण्या पडतात आणि प्रत्येक चुणीत हवेचा एक कप्पा तयार होतो. घट्ट विणीचा जाड पट्टा मात्र ताठ उभा राहतो, मानेपासून सुटतो आणि हनुवटीला टोचतो. अर्थात वाऱ्यात जाळी एकटी पुरी पडत नाही. स्कूटरवर मागे बसताना किंवा गच्चीत उभे राहताना तिच्यावरून शाल किंवा जाकिटाची कॉलर हवीच. घरात मात्र ती एकटी पुरते. शिवाय अन्ननलिकेचा किंवा दम्याचा त्रास असणाऱ्यांना गळ्याशी काही घट्ट बांधलेले सहन होत नाही. जाळीतून गुदमरल्यासारखे होत नाही, हा तिचा आणखी एक गुण. स्कॉटलंडच्या उत्तरेस शेटलंड नावाची बेटे आहेत, सदा वाऱ्याची. तेथील बायकांनी जाळीच्या लोकरी विणकामाची परंपरा घडविली. त्यांच्या अतितलम शाली लग्नाच्या अंगठीतून आरपार ओढता येतात, अशी त्यांची ख्याती आहे. खाली दिलेली वीण त्याच बेटांवरची, ‘ओल्ड शेल’ नावाची, पण पुष्कळ जाड लोकरीवर उतरवलेली.

आता टोकांविषयी. मफलरची लोंबती टोके हा वृद्धांच्या घरातला उपेक्षित धोका आहे. ती गॅसच्या शेगडीवर झुकतात, चाकाच्या खुर्चीच्या चाकात जातात, दुचाकीच्या मागच्या चाकात ओढली जातात. ज्यांचा एक हात पक्षाघाताने निकामी झाला आहे किंवा कंपवाताने थरथरतो, त्यांना गाठ मारताच येत नाही. रोज पहाटे पत्नीने किंवा सुनेने येऊन लहान मुलासारखा मफलर बांधून द्यावा लागतो. यात मदतीचा प्रश्न लहान असतो, मनाचा मोठा. वर्तुळाकार पट्टा एका हाताने घालता येतो आणि एका हाताने काढताही येतो.

मात्र तो सर्वांसाठी नाही. ज्यांना भ्रम होतो, जे रात्री अंथरुणात तळमळतात, त्यांच्या गळ्यात झोपताना कोणतेही वर्तुळ ठेवू नये. गळ्यावर शस्त्रक्रियेची जखम असेल किंवा श्वासासाठी नळी बसवलेली असेल तर आपल्या डॉक्टरांना विचारल्यावाचून काही घालू नये. श्रवणयंत्र व चष्मा आधी काढून मग पट्टा डोक्यावरून घ्यावा. कानामागचे यंत्र जाळीत अडकून जमिनीवर पडल्याच्या कथा मी पुष्कळ ऐकल्या आहेत. मंगळसूत्राचे मणीही जाळीत गुंततात. ते पोलक्याच्या आत सोडावे.

विणायचा कुणी? माझे मत स्पष्ट आहे. घरात कुणी ज्येष्ठ व्यक्ती कधीकाळी विणत असेल, तर तो तिनेच विणावा, निदान आरंभ तरी तिनेच करावा. आपण त्यांना रजई देतो, काढा देतो, मोजे चढवतो. त्यांनी कुणाला काही द्यावे अशी संधी मात्र दिवसेंदिवस आखडत जाते. शाळेत शिवण-विणकामाच्या तासाला शिकलेले हात साठ वर्षांनीही टाके विसरत नाहीत. नातवंडांची टोपडी आणि मोजे विणणे थांबले ते बहुधा नातवंडे मोठी झाली म्हणून. हात थकले म्हणून नव्हे.

हातांची तक्रार असेल तर साधने बदलावीत. अंगठ्याच्या बुडाचा सांधा दुखत असेल, बोटांच्या शेवटच्या पेरांवर गाठी आल्या असतील, तर लांब धातूच्या सुयांपेक्षा बांबूच्या किंवा लाकडी सुया बऱ्या. त्या निसटत नाहीत आणि हाताला गार लागत नाहीत. त्याहून चांगली गोल सुई, म्हणजे दोन आखूड टोके आणि मध्ये लवचीक दोरी. तिच्यावर जा-ये करीत सपाट विणकामही होते आणि विणलेल्या भागाचे वजन मनगटांवर न येता मांडीवर विसावते. विणायला बसण्यापूर्वी पाचदहा मिनिटे हात कोमट पाण्यात ठेवावेत. वीस मिनिटे विणले की उठावे, मुठी उघडाव्यात-मिटाव्यात, घरात एक फेरी मारावी. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया व्हायची असेल किंवा नुकतीच झाली असेल, तर फिकट रंगाची लोकर आणि गडद रंगाच्या सुया घ्याव्यात, प्रकाश खांद्यामागून यावा. काळ्या लोकरीवर जाळी विणणे माझ्या पन्नाशीतल्या डोळ्यांनाही जमत नाही.

साहित्य थोडे लागते: मध्यम जाडीची मऊ लोकर, १०० ग्रॅम आणली तर पुरून उरेल, आणि ८ नंबरच्या सुया. आपल्या बाजारातील सुयांचे क्रमांक जुन्या ब्रिटिश पद्धतीचे आहेत. आकडा जितका मोठा तितकी सुई बारीक, आणि ८ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर. सुईवर सैल हाताने ४२ टाके घालावेत. दोन्ही कडांचे ३-३ टाके प्रत्येक ओळीत सुलटच विणायचे. ती कड झाली. मधल्या ३६ टाक्यांत १८ टाक्यांची नक्षी दोनदा बसते. आधी चार ओळी साध्या सुलट विणून मग नक्षी सुरू करावी. पहिली ओळ संपूर्ण सुलट. दुसरी ओळ उलट, कडांचे टाके सोडून. तिसरी ओळ जाळीची: दोन टाके एकत्र सुलट, असे ३ वेळा, मग लोकर पुढे घेऊन सुईवर एक वेढा व पुढचा एक टाका सुलट, असे ६ वेळा, मग पुन्हा दोन टाके एकत्र सुलट, ३ वेळा. हे १८ टाके झाले. तसेच पुढचे १८. चौथी ओळ पुन्हा संपूर्ण सुलट. या चार ओळी परत परत विणत गेले की किनाऱ्यावर ओसरणाऱ्या लाटांसारखी नक्षी उमटत जाते. एकत्र केल्याने जितके टाके कमी होतात तितकेच वेढ्यांमुळे वाढतात, म्हणून ओळ संपल्यावर टाके ४२ च भरले पाहिजेत.

लांबी ५८ ते ६० सेंटिमीटर झाली की पुन्हा चार ओळी साध्या विणून टाके सैल बंद करावेत आणि दोन्ही टोके सपाट शिवणीने जोडावीत. जाड शिवण मानेला घासते. डोक्याचा घेर मोठा असेल तर आधी फितीने मोजून घ्यावे. पट्टा कानांवरून ओढाताण न होता उतरला पाहिजे, आणि गळ्याभोवती चार बोटे सहज शिरली पाहिजेत. दोन नक्षींच्या मध्ये सुईवर रंगीत दोऱ्याचे एक कडे अडकवून ठेवावे, म्हणजे चूक झाली तर ती कोणत्या अठरांत आहे हे लगेच कळते. आणखी एक युक्ती मी एका रुग्णाकडून शिकले. दर आठ ओळींनी सुईवरच्या सर्व टाक्यांतून एक वेगळा सुती दोरा ओवून ठेवावा. पुढे काही बिघडले तर तेवढ्यापर्यंतच उसवावे लागते, आणि सारे उसवण्याच्या भीतीने काम टाकून दिले जात नाही.

चारांपैकी तीन ओळींना लक्ष लागत नाही, मालिका पाहत विणता येतात. चौथ्या हिश्श्याला मात्र मोजावे लागते. हे मोजणे एका घरात कसे उपयोगी पडले, ते त्या कुटुंबाच्या परवानगीने सांगते.

माझ्या रुग्णांत चौऱ्याहत्तर वर्षांच्या एक निवृत्त शिक्षिका आहेत. यजमानांना दोन वर्षांपूर्वी पक्षाघात झाला, उजवा हात फारसा चालत नाही. मफलर त्या बांधून देत, आणि तो नीट बसला नाही म्हणून रोज सकाळी दोघांची वादावादी होई. ऑक्टोबरात मी त्यांना हीच वीण लिहून दिली. ‘मला काय शिकवता, मी तीस वर्षं मुलींना टाके शिकवले,’ असे म्हणून त्यांनी कागद पर्समध्ये टाकला. नोव्हेंबरच्या मध्यास सूनबाई एकट्याच आल्या. पिशवीतून अर्धवट विणलेला पट्टा काढून टेबलावर ठेवला आणि रडू लागल्या. आई चार वेळा उसवून बसल्या होत्या. गणती चुकते, मग चिडतात, मग तासन्‌तास गप्प राहतात. दुधाचा हिशेब विसरतात. घरात स्मृतिभ्रंश हा शब्द उच्चारला जाऊ लागला होता. मुलाने दिवसपाळीच्या मदतनीसाची चौकशीही करून ठेवली होती.

मी तो पट्टा खिडकीपाशी नेऊन पाहिला. आरंभीचा वीतभर भाग छापल्यासारखा होता. त्यापुढे टाके सुटून खाली घसरलेले, शिडीसारखे, आणि बहुतेक ठिकाणी वेढे घ्यायचे राहिलेले. एका ओळीत ३९ टाके, पुढे ४४. दुसऱ्या दिवशी आईंना बोलावून घेतले. दुपारचे दोन वाजले होते, बाहेर अजून पंखे चालू होते, आणि त्या दोन स्वेटर घालून आल्या. आवाज घोगरा. कातडी कोरडी, चेहरा किंचित सुजल्यासारखा, भुवयांची बाहेरची टोके विरळ. नाडी ५४. रात्री अंगठा आणि शेजारची दोन बोटे बधिर होऊन जाग येते, हात झटकले की बरे वाटते, हे त्यांनी विचारल्यावर सांगितले. आपण होऊन सांगण्यासारखे त्यांना वाटले नव्हते. बद्धकोष्ठ तर वयाचेच म्हणून सोडून दिलेले.

थायरॉइड ग्रंथी मंदावली की शरीराचा सगळा कारभारच मंदावतो. उष्णता कमी निर्माण होते म्हणून थंडी वाजते, विचार संथ होतात, विसरायला होते. मनगटातील ऊतींना सूज येऊन तेथून जाणारी नस दाबली जाते, बोटे बधिर होतात आणि टाके हातून सुटतात. वृद्धांत ही लक्षणे इतक्या हळू येतात की घरचे त्यांना वार्धक्यच समजतात. रक्ताच्या एका तपासणीने, टीएसएचने, चित्र स्पष्ट झाले. त्यांचा आकडा पुष्कळ वर गेला होता. थायरॉक्सिनची गोळी ज्येष्ठांमध्ये लहान मात्रेने सुरू करून हळूहळू वाढवावी लागते, नाहीतर हृदयावर ताण येतो. सकाळी रिकाम्या पोटी, चहाच्या अर्धा ते एक तास आधी ती घ्यावी. कॅल्शियम किंवा लोहाची गोळी चालू असेल तर तिच्यापासून चार तासांचे अंतर ठेवावे. सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा तपासणी. फरक चार दिवसांत दिसत नाही, हे मी घरच्यांना बजावून सांगितले.

जानेवारीअखेर त्यांनी तोच पट्टा सुती दोऱ्यापर्यंत उसवून पुढे विणायला घेतला. फेब्रुवारीत, थंडी सरताना, यजमान तो घालून तपासणीला आले. एका हाताने काढून त्यांनी तो माझ्या टेबलावर ठेवला आणि जाताना एका हातानेच घातला, वेळ लागला तरी. बाई बाजूला बसून पाहत होत्या. त्यांनी हात पुढे केला नाही.

प्रत्येक विसराळूपणामागे थायरॉइड असेल असे कुणी समजू नये. ब जीवनसत्त्वातील बी-१२ ची कमतरता, नैराश्य, झोपेच्या गोळ्या, कमी ऐकू येणे, मोतीबिंदू यांपैकी काहीही असू शकते, आणि कधी कधी स्मृतिभ्रंशही असतो. म्हणूनच निदान घरी करू नये, पण निरीक्षण घरीच करावे. टाके कोठे चुकतात हे पाहिले तरी डॉक्टरांना पुष्कळ कळते. टाका दिसतच नाही, म्हणजे डोळ्यांकडे पाहावे. दिसतो पण सुटतो, म्हणजे हातांकडे. दोन्ही ठीक असून पुढची ओळ कोणती हेच वारंवार हरवते, आणि पूर्वी तसे होत नसे, तर विलंब न करता दाखवावे. मात्र रोज टाके मोजून ज्येष्ठांची परीक्षा घेऊ नये. त्यांना ते लगेच कळते आणि सुया कायमच्या कपाटात जातात. स्मृतिभ्रंशाचे निदान झालेच, तरी विणकाम काढून घेऊ नका. जाळी सोडून द्यावी, साधी सुलट वीण हाती द्यावी. ती पुष्कळ काळ साथ देते. लांबीचा आग्रह धरू नये.

राहता राहिली लोकर. बाजारात लोकर या नावाने मिळणारे बहुतेक सूत अॅक्रिलिकचे असते. ते स्वस्त असते, यंत्रात धुता येते, घराघरांत चालते. माझा त्याला सरसकट विरोध नाही. परंतु जी व्यक्ती अजून गॅसपाशी उभी राहते, तिच्या गळ्याभोवती ते नको. अॅक्रिलिक पेटल्यावर वितळते आणि कातडीला चिकटते. खरी लोकर सहजी पेटत नाही, करपते आणि ज्योत दूर करताच बहुधा विझते. पारख सोपी आहे. वीतभर धागा चिमट्यात धरून, शेजारी पाणी ठेवून, मोरीत जाळून पाहावा. केस जळल्याचा वास आला आणि राख बोटांत चुरगळली तर लोकर. टोकाला टणक मणी झाला तर अॅक्रिलिक. हा प्रयोग घरातील तरुणांनी करावा.

खऱ्या लोकरीत ओल शोषण्याची शक्ती मोठी असते. आपल्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास ती बाष्प मुरवून घेते आणि तरी ओली लागत नाही. तोंडावर ओढून चालणाऱ्यांना हे फार सोयीचे. काहींना ती खाजते. ते बहुधा जाड तंतूंच्या टोचण्याने होते, आणि उतारवयात कातडी कोरडी असल्याने अधिक जाणवते. मेरिनोसारखी तलम लोकर घ्यावी, मानेला आदल्या रात्री खोबरेल लावावे, किंवा आत मऊ सुती रुमाल घालावा. तरीही चट्टे उठले तर मात्र हट्ट नको, सुती पट्टाच बरा.

धुण्यासाठी कोमट पाणी आणि रिठ्याचे पाणी किंवा सौम्य साबण पुरे. चोळू नये, पिळू नये. चोळल्यास लोकर आटते आणि पट्टा डोक्यावरून उतरेनासा होतो. टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी दाबून काढावे, मग कोरड्या टॉवेलवर सावलीत सपाट पसरून कडा टाचण्यांनी ताणून ठेवाव्यात. जाळीच्या लाटा खऱ्या उघडतात त्या येथेच. सुईवरून उतरलेले काम सुरकुतलेले दिसले म्हणून कुणी निराश होऊ नये. वाळल्यावर टाचण्या मोजून काढाव्यात, जितक्या लावल्या तितक्या. उन्हाळ्यात ठेवून देताना डांबराच्या गोळ्यांऐवजी कडुनिंबाचा वाळलेला पाला चालेल. गोळ्याच ठेवल्या असतील तर पुढच्या हिवाळ्यात चार दिवस हवेशीर जागी टांगल्यावाचून पट्टा अंगावर घेऊ नये, आणि घरात तान्हे मूल असेल तर गोळ्या आणूच नयेत. गडद रंगाची लोकर पहिल्या दोन धुण्यांत रंग सोडते. तेव्हा आजोबांचा पांढरा सदरा त्या बादलीत टाकू नका.